चौदा दिवसांची पट्टी

गोळीबार चौकातला दवाखाना, मे महिना, लाइट गेलेली.
कंपनीचा पोरगा टाय ढिला करून बसला
आणि टेबलावर पाच डब्या मांडल्या.
मॅडम, छातीवर चिकटवायची. चौदा दिवस. बस.
ठोका चुकला की नोंद.

वाचायची कुणी?
म्हणाला, अ‍ॅप.
आणि अ‍ॅप चुकलं तर पेशंट कुणाच्या दारात येईल?
तो हसला. चांगला पोरगा होता, उमरेडचा.
डब्या ठेवून गेला. मी ड्रॉवर लावून घेतला.

एकतीस वर्षं मी तीन बोटांनी नाडी बघते.
नंदनवनचा एक बँकवाला मनगटावरचं घड्याळ दाखवत
तीनदा आला, तिन्ही वेळा काही नव्हतं.
चौथ्यांदा आला तेव्हा झोप उडाली होती,
ती मात्र खरी होती.
आता अशी झोप मीच वाटत फिरू?
गल्लीतली साठीपुढची सगळी माणसं
धडधाकट येतील, घाबरून परत जातील.

पण यमुनाबाई हेडाऊ.
दर महिन्याला बीपीची गोळी न्यायला यायच्या,
दर महिन्याला मी मनगट धरायची,
दर महिन्याला नाडी शहाण्या पोरीसारखी
रांगेत चालायची.
मारबतीच्या दिवशी ओट्यावर उभ्या होत्या,
पिवळी मारबत वळणावर आलेली,
पोरं ओरडत होती, घेऊन जा गे मारबत,
आणि त्यांच्या हातातून ताट पडलं.
तो हात अजून तसाच आहे, मांडीवर ठेवलेला,
दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा.
मेडिकलमधल्या पोरसवदा डॉक्टरनं सांगितलं,
ठोका कधीमधी बिघडत असणार.
कधीमधी.
मी नेमकी बाकीच्या वेळी हात धरून बसले होते.

ड्रॉवर उघडला.

मोतीराम निखारे, वय एकाहत्तर, पन्नास वर्षं मागावर.
पट्टी लावताना म्हणाले,
डॉक्टरीणबाई, धोट्याचा एक फेरा चुकला
त पायालेच समजते.
ह्ये आतलं मले काई समजत नाई.
चौथ्या दिवशी पट्टी रुमालात बांधून परत आणली.
घामानं निंगून गेली जी. गोंद लावू का?

दुसरी लावली ती थंडी पडल्यावर.
ती टिकली.
रिपोर्ट आला चोवीस पानांचा.
तेवीस पानं सरळ विणलेली,
आणि नवव्या रात्री, दोन चाळीसला,
अकरा मिनिटं सगळे धागे एकमेकांत.

अकरा मिनिटांचं काय करायचं
यावर पुस्तकं आपसात भांडतात.
रक्त पातळ करायची गोळी द्यावी
तर दाढी करताना कापलेलंही थांबायचं नाही,
न द्यावी तर ओटा, वळण, ताट.
कंपाउंडर लीलाधर दोनदा डोकावून गेला.
बाहेर बाकावर नऊ जण खोकत होते.

निखाऱ्यांना बोलावलं. विचारलं,
त्या रात्री दोन चाळीसला काय करत होता?
नळ आला होता ना. पानी भरून राहिलो होतो.
दोन बादल्या नेल्या, तिसरीले दम लागला,
मंग पायरीवर बसलो जरासा.
असा दम नेहमी लागतो?
लागते कधीमधी.
सांगितलं नाहीत कधी.
तुमी इचारलं कुठं.
तुमी हात धरता, घड्याळाकडे पाहता,
मंग म्या गपच बसतो.

मी हात सोडला. तोवर धरलेला आहे
हे लक्षात नव्हतं.

धंतोलीच्या हार्टवाल्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली.
अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.
मग लीलाधरला म्हणाले,
वहीतून साठीच्या वरची नावं काढ.
त्यानं दुपारचा डबा बाजूला सारून काढली,
यमुनाबाईंचंही, मी काही बोलले नाही.
एकशे बेचाळीस, मॅडम.
बरं.
डब्या तीन उरल्यात, मॅडम.